किल्ल्याभोवती चार फेऱ्या

अहमदनगर, झेंडीगेट,
मार्च १९४३

आदरणीय मामूजान यांस,

नगरहून भाचा अजीजचा अदबीनं सलाम. मुमानींचे गुडघे, तुमचा खोकला आणि नव्यानं आणलेली खिलारी बैलजोडी, सगळ्यांची खुशाली कळवावी. (त्यात जास्त घोर तुम्हाला जोडीचा, हे ठाऊक आहे.) हे पत्र नेहमीप्रमाणे गोरक्षनाथ गुरुजी ओसरीवर बसून वाचत असतील आणि सगळं घर ऐकत असेल, म्हणून गुरुजींनाही नमस्कार. (गुरुजी, कंसातलं मनात वाचायचं असतं. मागच्या पत्रातलं तुम्ही मोठ्यानं वाचलंत, तेव्हापासून मुमानी सख्खी मामी असून माझ्याशी धड बोलत नाहीत.)

मुद्द्याचं आधी. गेल्या ईदला घोडेगावी आलो तेव्हा सुटलेल्या कालवडीमागं मी जेमतेम वीस पावलं धावलो आणि मटकन खाली बसलो. तेव्हा तुम्ही भर पाहुण्यांत माझा दंड चाचपून म्हणालात, "आरं, ह्यो वीस पावलांत धापतोय, ह्याला माझी लेक मलिका कशी देऊ? आदी दम वाढीव, मंग बघू." जनावरांच्या बाबतीत तुमची नजर चुकत नाही हे सारा बाजार जाणतो, पण मामूजान, मी भाचा आहे हो, गोऱ्हा नाही. फार लागलं मला ते. तरी नगरला परतलो तो तडक हकिमांकडे गेलो. हकीम म्हणाले, वकिलाच्या कचेरीत दिवसभर बसून नकला उतरवणाऱ्याचं दुसरं काय होणार? सायकल चालव.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाबाजानचं सायकलचं दुकान आहे, तिथं तासावर सायकल मिळते. बाबाजान मागून सीट धरून धावायचा आणि "पुढं बघ, पुढं बघ" ओरडायचा. तिसऱ्या दिवशी मी चुकून मागं बघितलं, तर हा दुकानात बसून चहा पितोय! (पडलो. पण ते महत्त्वाचं नाही.) महत्त्वाचं हे की नगरसारख्या अफाट शहरात सायकलीसारखं औषध नाही. लढाईपायी पेट्रोल मिळेनासं झालंय, मोटारी कोळशाच्या गॅसवर खोकत चालतात, आणि मी मात्र माळीवाड्यापासून सर्जेपुऱ्यापर्यंत घंटी वाजवत सुटतो. कापडबाजारात लोक आदरानं वाट देतात. (म्हणजे दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात.) दीड भाकरी खाणारा मी आता तीन खातो. ज्यांच्याकडे जेवायला जातो त्या शहजादीखाला मला लांबून बघूनच पातेल्यावर झाकण ठेवतात. झोप म्हणाल तर गाढ. वकीलसाहेब डाफरले तरी पूर्वीसारखी छाती धडधडत नाही. कचेरी सुटली की सायकल आहे, एवढं मनात आलं की मी गारच राहतो.

आता किल्ल्याची हकीकत. ती बाजारात उलटसुलट होऊन तुमच्या कानी पडण्याआधी मीच सांगतो. दोष माझा नाही, तुमच्या घरच्या वळणाचा आहे. सातवीपर्यंत तुमच्याच दावणीला वाढलो, त्यामुळं थांबायचं म्हटलं की माझे हात आपोआप कासरा खेचतात. गेल्या मंगळवारी सकाळी किल्ल्याला एक फेरी मारली, उतरावं म्हणून हँडल छातीशी ओढलं आणि "हो, हो, हो राजा" म्हणालो. बाबाजाननं ब्रेक दाखवला होता, पण ऐन वेळी आठवेल तर शपथ! राजा काही थांबेना, म्हणून दुसरी फेरी. हल्ली किल्ल्यात सरकारनं मोठमोठे पुढारी ठेवलेत, बाहेर पहारा कडक. दुसऱ्या फेरीला शिपायानं मला निरखून पाहिलं, मी मानेनंच सलाम केला. तिसऱ्या फेरीलाही केला, तर त्यानं शिट्टी फुंकली. चौथ्या फेरीला दोघं शिपाई माझ्यामागं धावत होते, आणि अल्लाशपथ, दोघंही माझ्या आधी दमले. (मामूजान, एवढं ध्यानात ठेवावं.) शेवटी कडब्याची गाडी आडवी आली आणि मी तीत अलगद शिरलो.

जमादारानं दरडावून विचारलं, किल्ल्याभोवती घिरट्या कशाला घालतोस? म्हटलं, तब्येतीसाठी. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वहीत लिहिलं, "इसम तब्येतीसाठी फिरतो असे सांगतो. तब्येत दिसत नाही." मग माझा धीर सुटला आणि मी भडाभडा सगळं सांगून टाकलं, कालवड, तुमची अट, मलिका, सगळं. जमादाराला स्वतःला तीन मुली. विरघळला बिचारा. म्हणाला, "जा बाबा. पर थांबाया शिक आदी." त्याच्यासमोर दहा वेळा ब्रेक दाबून दाखवला, तेव्हा कुठं सुटका झाली. आता झोपेतसुद्धा ब्रेकच दाबतो.

तर मामूजान, दम वाढला आहे, याला दोन शिपाई साक्षीदार आहेत. येत्या बाजाराच्या दिवशी मी नगरहून सायकलनंच घोडेगावी येतो, चांगले बावीस मैल. धापा टाकतोय का, ते तुम्ही वेशीतच उभं राहून बघावं, आणि मलिकेबद्दल काय ते त्याच दिवशी सांगावं. मुमानींना सलाम.

तुमचा लाडका म्हणवून घ्यायला उत्सुक,
अजीज

ता. क. दंड खुशाल चाचपावा, पण घरात. बाजारात चारचौघांसमोर दात बघू नयेत.

आणखी एक ता. क. मलिका, तू दाराआड उभी राहून ऐकतेयस, मला ठाऊक आहे. खरं म्हणजे हे सगळं पत्र तुलाच लिहिलंय. माझी तब्येत हकिमांनी पाहिली, मामूंनी पाहिली, पोलिसांनीही वहीत उतरवून घेतली, पण तुला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. चुकलं माझं, म्हणून आता सगळ्यांदेखत विचारतो. मी आलो की पाणी तू स्वतः आणून दे, मी काय ते समजेन. मनात नसेल तर मुमानींच्या हाती पाठव. मी पाणी पिईन, सगळ्यांना सलाम करीन आणि आल्या पावली बावीस मैल परत जाईन. तेवढा दम आता आहे. पण खरं सांगू मलिका, त्या दिवशी मला परत जायचं नाही.