केसभर बाहेर

४ फेब्रुवारी, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. आईला फोनवर सांगितलं की खोलीला खिडकी आहे. ती शेजारच्या भिंतीकडे उघडते हे मात्र सांगितलं नाही. उगाच तिच्या जिवाला घोर नको.

काम मनासारखं मिळालं. यकृताच्या शस्त्रक्रियांचा विभाग आहे. ऑपरेशनआधी माणसाचं यकृत कितपत काम करतंय, कापल्यावर मागे उरेल तेवढ्यावर त्याचं भागेल की नाही, हे इथे ठरतं. रक्त तपासणारे वेगळे, पोटात पाणी झालंय का ते बघणारे वेगळे. माझ्याकडे चित्रं. स्कॅनमध्ये पोटाचे पावासारखे पातळ काप दिसतात. प्रत्येक कापावर यकृताच्या काठाने माउसने रेघ फिरवायची, डॉक्टर कुठून कापणार ती दुसरी रेघ मारायची, की मागे किती टक्के उरेल ते संगणक सांगतो. शाळेत बाकावर रेघोट्या मारल्या म्हणून मी छड्या खाल्ल्या होत्या, आता त्याचाच पगार मिळणार!

शेजारच्या टेबलावर काका बसतात. ते सगळ्या विभागाचे काका, मोठे डॉक्टरसुद्धा त्यांना काकाच म्हणतात. रेघ केसभरही बाहेर जाऊ द्यायची नाही, अशी त्यांनी पहिल्याच दिवशी ताकीद दिली. एका कापात केसभर, तर सगळे काप मिळून मूठभर, असा त्यांचा हिशोब आहे.

७ फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी आज नीट बसवून समजावलं. कापल्यावर परत वाढणारं यकृतासारखं दुसरं काही पोटात नाही. अट एकच, मागे पुरेसं उरायला हवं. धडधाकट माणसाला तीस टक्के पुरतात. कॅन्सरच्या औषधांनी यकृत थकलेलं असेल तर चाळीस लागतात. कमी भरत असेल तर रोगट बाजूचा रक्तपुरवठा आधी बंद करतात आणि महिनाभर थांबतात, तेवढ्यात चांगली बाजू वाढते. मी म्हटलं, म्हणजे एक रजेवर गेला की दुसऱ्याने मरमर राबायचं, आपल्या ऑफिससारखंच. काका हसले. मग म्हणाले की थांबणं कुणालाच नको असतं, पण थांबल्याने माणसं वाचलेली त्यांनी पाहिली आहेत.

१२ फेब्रुवारी, मंगळवार

आज बाहेरच्या बाकावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई सदऱ्याची काजं करत बसल्या होत्या. बरोबर त्यांची नणंद. आता तरी ते खाली ठेव वहिनी, म्हणून नणंद ओरडत होती, आणि हात थांबले की डोकं चालायला लागतं, असं बाईंचं उत्तर. मला पाहताच त्यांनी टेप न लावता छाती छत्तीस, खांदे उतरते असं सांगून टाकलं. अगदी बरोबर! वहिनीचं माप आजवर एकदाही चुकलेलं नाही, असं नणंद कौतुकाने म्हणाली.

औषधांनी बाईंची गाठ लहान झाली आहे, पण यकृत थकलं आहे, म्हणजे चाळीस हवेत. त्यांची तारीख एकदा पुढे गेली आहे. थोरल्या भावाला हाच आजार होता, त्याची तारीख अशीच पुढे ढकलत राहिले आणि तोवर गाठ सगळीकडे पसरली. आता पुन्हा थांबायला लावू नका दादा, असं त्या मला म्हणाल्या, जणू ते माझ्या हातात आहे. कापड थोडं कमी पडलं म्हणून कुणी टाकून देत नाही, इकडून तिकडून ओढून बसवायचं असतं, असंही म्हणाल्या.

१३ फेब्रुवारी, बुधवार

सदतीस. पुन्हा मोजलं, तरी सदतीस.

दाराच्या काचेतून बाई दिसत होत्या. मान खाली, हातात सुई. काका जेवायला गेले होते. उरणारा भाग त्यांच्या उजव्या बरगडीखालचा. त्याच्या प्रत्येक कापावर मी रेघ केसभर बाहेर घेतली, जिथे चित्रात नुसतं काळं होतं तिथे. चाळीस भरले.

मोठ्या डॉक्टरांनी आकडा पाहून मान हलवली आणि पुढच्या आठवड्यातली तारीख दिली. बाई माझ्याकडे बघून हसल्या. तीन टक्क्यांनी काय आभाळ कोसळणार आहे? मला बरं वाटतंय, खरंच बरं वाटतंय.

२० फेब्रुवारी, बुधवार

ऑपरेशन व्यवस्थित झालं. नणंदेने मला ओढून नेऊन चहा पाजला. बाईंनी शुद्धीवर येताच माझ्या सदऱ्याची बटणं लावायची राहिली, असं सांगितलं म्हणे. कोणता सदरा, तर नणंद म्हणाली, कळेल.

२५ फेब्रुवारी, सोमवार

बाईंचे डोळे पिवळे झाले आहेत. सगळा वेळ ग्लानीत असतात. डॉक्टरांनी हात पुढे धरायला सांगितले तर पंजे खाली पडत होते. मधेच बोटं हवेत टाके घालतात. उरलेलं पुरत नाहीये, असं काका हळूच म्हणाले. आकडा तर चाळीस होता, म्हणजे गफलत कुठे झाली, असंही म्हणाले. मी पुढच्या पेशंटचा स्कॅन उघडला.

१ मार्च, शुक्रवार

बाई गेल्या.

मी मारलं त्यांना. महिनाभर थांबल्या असत्या तर आज बाकावर काजं करत बसल्या असत्या. मला त्यांची दया आली होती. त्या दयेनेच घात केला.

५ मार्च, मंगळवार

मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. पोलिसात द्या म्हटलं. त्यांनी शांतपणे बाईंचा स्कॅन उघडला आणि स्वतः मोजलं. चाळीस.

मी वाकून पाहिलं. माझी रेघ जिथे बाहेर गेली होती तिथे काळं होतं. आता तिथे काळं नाही. तिथे यकृत आहे. करड्या रंगाची कोर, प्रत्येक कापात, माझ्या रेघेपर्यंत भरलेली.

पहिला पेशंट गेला की सगळ्यांचं असंच होतं, असं म्हणून त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि घरी जाऊन झोप काढायला सांगितलं. मला शिक्षा करणारंही कुणी नाही.

८ मार्च, शुक्रवार

नणंद सदरा घेऊन आली. ऑपरेशनच्या आदल्या दिवसापर्यंत बाई तो शिवत होत्या. बटणं हिने लावली. खांदे, छाती, बाह्या, सगळं अंगावर बेतल्यासारखं. फक्त उजव्या बरगडीखाली कापड फुगलेलं. आत शिवणीतही त्याच बाजूला भरपूर माया, पुढे सैल करता यावं म्हणून जादा कापड, सोडलेली. नणंद ओशाळली. वहिनीचं माप कधी चुकलं नव्हतं, दुखण्याने नजर गेली असेल, असं म्हणून रडायला लागली. मीही रडलो.

१३ मार्च, बुधवार

सदरा आता फुगत नाही. उजवीकडे चपखल बसतो.

पट्ट्याचं भोक तेच आहे. वजन तेच. पण बरगडीखाली काहीतरी जड आहे. कूस बदलली की ते माझ्यानंतर वळतं. खानावळीचं जेवण अंगी लागलं, असं काका चेष्टेने म्हणाले, आणि मग माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले.

१५ मार्च, शुक्रवार

काकांनी धरून नेऊन माझा स्कॅन करवला.

माझं यकृत. त्याला चिकटून एक कोर. काका म्हणाले, हे कुणाचं? — असंच म्हणाले, हे काय आहे असं नाही.

मी ओळखली. आकार माझाच आहे. बाईंच्या स्कॅनवर मी काढलेला. ज्याला कुठलंच अंग नव्हतं ते — राहायला आलं. आणि ते यकृत आहे. यकृत वाढतं.

१९ मार्च, मंगळवार

सदरा आवळ झाला. शिवण उसवून आतली माया बाहेर काढली. पुन्हा बसला. बाईंचं माप चुकलं नव्हतं.

मोठे डॉक्टर कापून काढू म्हणतात. मी नको म्हटलं. बाईंना हेच कमी पडलं होतं, ते पुन्हा कापायचं? — आईचा फोन आला, आवाज असा का, विचारत होती. सर्दी आहे म्हटलं. तिला कसं सांगू.

डोळे पिवळे.

२१ मार्च, गुरुवार

काकांनी ऐकलं नाही. तारीख ठरली. आधी मोजायला हवं, ते काढल्यावर माझं किती उरेल. थकलंय, चाळीस हवेत. काका मोजायला बसले — डोळ्यांना पाणी येतं, काठ दिसत नाही. मी म्हटलं, द्या, मीच —

सदऱ्यात आता माया उरलेली नाही.

२२ मार्च, शुक्रवार

रेघ फिरवतोय. काठ सापडत नाही. माझं संपतं कुठे — बोटं माउसवर नाहीत, हवेत टाके घालतायत —

सदतीस.

पुन्हा मोजलं. सदतीस.

काका बाहेर गेलेत. मला जगायचंय. आई — रेघ केसभर बाहेर घेतली की चाळीस होतील, फक्त केसभर — पण माझ्या रेघेबाहेर आता सगळीकडे बाईच —