रुपालीच्या आजीचा आवाज

चंद्रपूर, होस्टेल

इस्तारीभाऊ, तुले अन् आईले सेवा जोहार.

मी बरी आहे, जेवण पोटभर भेटते. आईचा गुडघा कसा आहे? हे पत्र तिले गोंडीत सांगजो.

पह्यले इथल्या पोरी माह्या गोंडी वळणाच्या बोलण्याले हासत, म्हणून मी चूपच राहत होती. दिवाळीले घरी आली का वापसच जायचं नाई, असं ठरवलं होतं. हे आईले नको सांगू.

मंग कॉलेजात गोंडीची खोली उघडली. तिथी कम्प्युटरवर गावोगावच्या म्हाताऱ्यांचे गाणे, गोष्टी ऐकाले भेटते. मी रोज जाऊन राह्यली. एक दिवस होस्टेलात माह्या खोलीत राहते ती रुपाली संग आली. ती राजुऱ्याकडची, आपल्यातलीच. तिच्या घरी गोंडी फक्त आजीच बोले, अन् ती आजी औंदा वारली. तिचा आवाज तेवढा रुपालीच्या फोनात होता.

"आजी काय म्हणते, मले समजतच नाई," रुपाली म्हणे.

मी ऐकलं. "जेवली का बाई, असं विचारून राह्यली."

रुपाली लय रडली. मंग म्हणे, "जेवली, असं गोंडीत कसं म्हणाचं?"

मी शिकवलं. तिनं फोन तोंडाजवळ धरला अन् आजीले जवाब देल्ला.

आता सांजच्याले चार पोरी माह्याजवळ गोंडी शिकाले बसतात. हासतात अजूनही, पण सोताच्याच चुकांवर.

भाऊ, आईचं बोलणं फोनात भरून पाठव. गाणंच पाह्यजे असं नाई. तुह्यावर रागावते, तेवढंही चालते.

तुमच्या आवाजाची वाट पाहून राह्यलेली,
दिव्यानी