नवरात्रातले बूट

आई, तुम्हाला बास्केटबॉल कधीच कळला नाही, हे आधी सांगून टाकते. गेल्या आठवड्यात मी नोकरीतून निवृत्त झाले आणि निरोपाच्या कार्यक्रमात साहेबांनी माझ्या खेळावर लांबलचक भाषण केलं. खात्याच्या महिला संघाची गार्ड, म्हणजे चेंडू पुढे घेऊन जाणारी, डाव रचणारी, नंतर कर्णधार, वगैरे वगैरे. ऐकताना छान वाटलं, खोटं कशाला बोलू? पण सारखं वाटत होतं की ही मंडळी गोष्ट मधूनच सांगतायत. ती सुरू झाली गिरीज गावातल्या आपल्या स्वयंपाकघरात, आणि तिथे बसलेल्यांपैकी कुणालाच ते ठाऊक नव्हतं.

मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटात वाढलेली, कोकणातून आलेल्या नोकरदाराची मुलगी. लग्न होऊन आले तेव्हा केळीच्या वाडीत चालताना माझा पाय घसरायचा, विहिरीवरचा पंप मला सुरू करता यायचा नाही आणि तुम्ही पदराआड हसायचात. खेळाडूंच्या जागेवर मला नोकरी लागली होती, पण दोन वर्षांच्या बोलीवर. तेवढ्यात संघात टिकले तर पक्की, नाही तर घरी. मुदत संपत आली होती, एकच मोठी स्पर्धा उरली होती, आणि ती नेमकी नवरात्रात. आपल्या घरची रीत मला लग्नात कुणी सांगितली नव्हती. घट बसल्यापासून दसऱ्यापर्यंत घरातल्या एका बाईने अनवाणी राहायचं. सून येईपर्यंत सासूने, सून आली की सुनेने. तुम्ही लग्न झाल्यापासून ते पाळत आला होतात, टाचांना भेगा पडेपर्यंत. यंदा सुटका म्हणून आगाशीच्या बाजारातून नवीन चपलासुद्धा आणून ठेवल्या होत्यात. हे मला कळलं तेव्हा स्पर्धा जेमतेम आठवड्यावर आली होती.

ती संध्याकाळ मला अजून दिसते. तुम्ही परातीत भिजलेले वाल घेऊन सोलत बसल्या आहात, मी समोर बसून मदत करतेय, आणि गास गावाहून आलेल्या आत्या, तुमच्या नणंद, दारात चहा पितायत. मी मान खाली घालून सगळं सांगते. मनातून मी खेळ सोडूनच दिलेला आहे, नोकरीवरही पाणी सोडलेलं आहे, फक्त ते तोंडाने बोलायचं राहिलंय. तुम्ही वाल सोलायचं थांबवत नाही.

"ते बूट घातल्याबिगर नाय का खेळता येत?" तुम्ही विचारलंत.

"नाही आई. सिमेंटचं मैदान असतं. अनवाणी उतरूच देत नाहीत."

"म्हंजे सून बूट घालून उड्या मारनार," आत्या म्हणाल्या, "आनि देवीला काय सांगनार?"

"घरातल्या एका बाईचे पाय उघडे पायजेत ना, वन्सं? माझे हायेत की. देवी काय पाय धरून बघते, सासूचे का सुनेचे?"

"आनि तुझ्या नव्या चपला?"

"त्या काय नासतात? चपला हायेत, भाजी नाय."

आत्यांनी कपबशी जरा जोरातच खाली ठेवली. मला तुमच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं, पण नवी सून, हातभर वालाची सालं, काय करणार? मी "बरं" म्हणाले आणि वाल सोलत राहिले. त्या दिवसापर्यंत मी तुम्हाला आई म्हणत होते ते म्हणायची पद्धत म्हणून.

अंतिम सामन्याला तुम्ही आलात. तुमच्या मुलाला, म्हणजे ह्यांना, रजा घ्यायला लावून, अनवाणी, पिशवी भरून सुकेळी घेऊन. आपल्या केळ्यांची, उन्हात वाळवून पानात गुंडाळलेली ती सुकेळी तुम्ही मध्यंतरात आमच्या संघाला वाटलीत आणि समोरच्या संघालाही. त्याच मुली नंतर आम्हाला हरवून गेल्या, हा भाग वेगळा. मी चांगली खेळले होते, पण शेवटी थोडक्यात गेलं. रडवेली होऊन तुमच्याजवळ आले तर तुम्ही माझ्यावरच चिडलेल्या.

"एवढी पळत पळत घेऊन जातेस आनि ऐन वेळी दुसरीच्या हातात देतेस? ती लांबडी तर नुसती उभीच असते!"

"आई, माझं कामच आहे ते. मी द्यायचा आणि तिने टाकायचा."

"मंग तिला सांग, एकदा तरी तुला आनून दे."

मग जरा वेळाने, ओशाळल्यासारखं करून तुम्ही म्हणालात, "माझंच चुकलं गं. पोरीला खेळू दे, एवढंच देवीला बोलले. जिंकायचं बोलायचं राहिलंच." मी रडता रडता हसायला लागले. सोबतच्या मुली कित्येक वर्षं मला तेच विचारायच्या, यंदा सासूबाई देवीला पूर्ण बोलल्यात ना? नोकरी पक्की झाली. मी खेळत गेले, गावोगावच्या स्पर्धा, राज्याचा संघ, आणि दर नवरात्रात तुम्ही माझ्या वाटणीचे नऊ दिवस चालत राहिलात. पुढच्या वर्षांतली काही अजिंक्यपदं मी तुमच्या नावावर धरते.

तुम्ही गेलात त्या वर्षी नवरात्रात घरात बाई म्हणून मी एकटी, आणि संघाची कर्णधार. मी तुमच्या मुलाला विचारलं, आता कसं करायचं? "बघू," एवढं बोलून ते पेपरात तोंड खुपसून बसले. रीत मोडली म्हणून मला वाईट वाटत होतं, तरी मी रोज बूट चढवून जात होते. एक दिवस सराव लवकर सुटला. घरी आले तर हे बँकेतून परतून अंगणातल्या नळाखाली पाय धूत होते. पावलं काळीकुट्ट, पँट दुमडलेली. "बूट शिवायला टाकलेत," माझ्याकडे न बघता म्हणाले. बूट पलंगाखाली होते, सकाळीच केर काढताना मी पाहिले होते. हे रोज माझ्यानंतर का निघतात आणि माझ्याआधी का येतात, ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे पुरुषाने हे पाळल्याचं कुणी ऐकलेलं नाही. आत्या असत्या तर काय म्हणाल्या असत्या! मी चहा टाकला. पुढे दर नवरात्रात ह्यांचे बूट शिवायला जात राहिले आणि आम्ही दोघांनी त्यावर कधी चकार शब्द काढला नाही. मी खेळ थांबवल्यावर ते नऊ दिवस माझ्याकडे आले, आजही मीच पाळते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढं लिहायला हरकत नाही. गुडघे गेलेले असताना मी शेवटचं एक वर्ष जिद्दीने खेळले, असं लोक म्हणतात. जिद्द कसली, आई. डॉक्टरांनी थांबायला सांगितलं होतं, माझ्या जागी चपळ मुलगी तयार होती, नोकरीला कसलाच धोका नव्हता. थांबले असते तर ह्यांनी मुकाट्याने पुन्हा बूट घातले असते. मला त्यांना आणखी एक नवरात्र माझ्यासाठी अनवाणी चालताना बघायचं होतं.