टिलव्याचे पाय

पिंप्राळा, जळगाव, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, १९८९

विधात्याविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे. समुद्रकाठचे यच्चयावत पक्षी त्याने एकाच मातकट रंगात रंगवले आणि फरक ठेवला तो पायांत. टिलवे दोन, एकाचे पाय लाल, दुसऱ्याचे हिरवे, आणि दोघांचेही चिखलात!

पुढच्या महिन्यात हिच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी मुंबईला जायचंय. हिने समुद्र कधी पाहिलेला नाही. आदल्या दिवशी किनाऱ्यावर नेईन म्हणालो, वर तिथले पक्षी ओळखून दाखवायची बढाईही मारली. आता चित्रांचं पुस्तक घोकतोय.

आज ऐटीत सांगितलं, "टिटवी समुद्रकाठची. संस्कृत कथेत थेट समुद्राशी भांडते."

"अहो शास्त्रीबुवा, मग आपल्या मेहरूणच्या तळ्यावर बोंबलते ती कोण?"

हसता हसता तिला धाप लागली. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. आणखी काय करणार? पुन्हा पुस्तकातले टिलव्याचे पाय काढून बसलो.

"नाहीच ओळखता आला तर ठोकून द्या काहीतरी नाव," ती म्हणाली. "मला कुठे कळणारे?"

पाय लाल असोत की हिरवे. ही माझ्याबरोबर जळगावला परत येईल ना, याची मला फार भीती वाटते.