पूर्ण भूतकाळ आणि दवाखान्यातला पाइप

ती. आक्कास,

सप्रेम नमस्कार. उजव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, तो हल्ली मानपान फार बघतो असं ऐकलं (डाव्याला हे कळू देऊ नकोस). इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, म्हणजे गुरुवारपर्यंत होतो.

माझी सून संस्थेत स्पॅनिश शिकवते हे तुला ठाऊक आहेच. वर्गात आठ डोकी नसली तर वर्ग बंद, असा तिथला नियम. वर्ग बंद झाला की ती आणि चिरंजीव लांबच्या शहरात नोकरी बघणार, म्हणजे माझी नातही जाणार. ती गेली तर मला घर खायला उठेल, हे तुला सरळच सांगते. म्हणून मी वर्गाला बसले, शिवणयंत्रावरून उठवून यांना बसवलं आणि प्लंबर दिरांना तर भरल्या ताटावरून उचलून नेलं. बाकी दोन कॉलेजच्या मुली, पोस्टातल्या बाई, बेकरीवाले आणि खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर.

सध्या पूर्ण भूतकाळ चालू आहे, म्हणजे आपलं 'केलं होतं, खाल्लं होतं'. तिकडे त्याला दोन शब्द लागतात. पहिला 'आबिया' (लिहिताना पुढे एक 'ह' असतो, तो नुसता बसून असतो, त्याला कुणी विचारत नाही). हा माणूस बघून रूप बदलतो: मी असले तर आबिया, तू असलीस तर आबियास, आम्ही असलो तर आबियामोस, ते असले तर आबियान. थेट माझ्या मोठ्या जावेचा स्वभाव. दुसरा शब्द मूळ क्रियापदाचं शेपूट कापून करायचा: आब्लार म्हणजे बोलणं, त्याचं आब्लादो, कोमेर म्हणजे खाणं, त्याचं कोमीदो. हा मात्र समोर बाई असो, बुवा असो, अख्खी पलटण असो, ढिम्म हलत नाही (यांच्याकडे बघून मला पहिल्याच दिवशी पाठ झाला). दोघांच्या मधे कुणी घुसायचं नाही. 'नाही' म्हणायचं असलं तरी त्यानं पुढे दाराशीच उभं राहायचं.

गुरुवारी सुनेनं वाक्यं करायला सांगितली: अमुक आला तेव्हा तमुक आधीच झालं होतं. मनचं काहीही चालेल म्हणाली, पण आमच्या घरात मनचं सुचतंय कुणाला? यांनी सांगितलं, बायको घरी आली तेव्हा मी केक खाल्ला होता (त्या केकवरून मी दोन दिवस नातीला बोलत होते). मग दीर उठले. फोडणं हे क्रियापद तिकडे वाकडं चालतं, त्याचं 'रोतो' होतं, आणि धंद्यामुळे तेवढं एकच वाकडं रूप दिरांच्या तोंडात बसलं आहे. छाती काढून म्हणाले, डॉक्टरांनी दवाखान्याचं दार उघडलं तेव्हा मी पाइप आधीच फोडला होता. सुनेनं टाळ्या वाजवल्या. डॉक्टर वर्गात सगळ्यांत हुशार, त्यांना शब्द न् शब्द कळला. दवाखान्यात भरलेल्या त्या पाण्याचा दोष शेजारच्या चष्मेवाल्याला देऊन त्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. वही मिटून ते निघून गेले.

उरलो सात. सोमवारी संस्थेच्या मोठ्या बाई डोकी मोजायला येणार. सून घरी येऊन नातीच्या कपड्यांच्या घड्या घालत बसली. मला ते बघवेना.

असो. तुझ्या गुडघ्याला हवापालट हवाच आहे, तर चार दिवस इकडे ये.

तुझी धाकटी बहीण

ता. क. : हवापालट राहू दे, सोमवारी तुला आठव्या खुर्चीत बसायचं आहे. तुझं नाव मी संस्थेत दिलं आहे. खरं म्हणजे हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा ते आधीच दिलं होतं. बघ, किती उपयोगी काळ आहे.

ता. क. २ : डॉक्टर आज परत आले. केवळ एक वाक्य म्हणायला आले: प्लंबर दाढ दुखते म्हणून आला तेव्हा मी भुलीचं औषध आधीच लपवून ठेवलं होतं. सुनेनं पुन्हा टाळ्या वाजवल्या, त्यामुळे डॉक्टर खूश आणि आता रोज येणार आहेत. दिरांची दाढ मात्र खरंच ठणकते आहे, ते तडक उठले आणि गाडी पकडून तुझ्याकडे निघाले. म्हणजे पुन्हा सातच. त्यांना गालाला शेक दे, नळाला हात लावू देऊ नकोस आणि येताना बरोबर आण. नाही हलले तर तिथंच राहू देत, पण तू ये. नात गेली तर हे आबिया, आबियास मी म्हणू कुणाला?