एक थेंब ठेवला नाही

कोथरूड, पुणे
२२ ऑगस्ट २००६

प्रिय आई,

तुला आणि अप्पांना जय भीम. तू लोणीला नीट पोचलीस, हे तुझ्या जावयाकडून, अभयकडून कळलं. अनिरुद्ध मजेत आहे. खालचा एक दात आलाय, हाताला येईल ते चावतो. पोटावर सरकत पलंगाखाली जातो आणि अडकला की ओरडतो. मीही बरी आहे. फोनवर तू रडायला लागतेस आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय.

मी परत कामावर रुजू झाले तेव्हा दूध कमी झालं होतं, आठवतंय ना? कॉम्प्युटरसमोर एका हातानं पोळी खायचे, काय खाल्लं तेही कळायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निवांत बसून जेवा. मग मी अप्पांसारखं जेवायला लागले. विपश्यनेच्या शिबिराहून आल्यापासून ते घासाकडे लक्ष देऊन, न बोलता जेवतात आणि आपण त्यांना हसायचो. मी कँटीनमध्ये भिंतीकडे तोंड करून बसायचे. मेथीतला लसूण, भाकरीचा करपलेला पापुद्रा, तुझ्या लाडवातला अळीव, सगळं सावकाश चावायचे. वाटायचं, हे त्याच्यापर्यंत पोचतंय. ऑफिसातल्या पोरी हसायच्या. हसू देत.

तिथल्या औषधाच्या खोलीला आतून कडी नाही. मी पंपानं दूध काढायचे तेव्हा माझी मैत्रीण शर्मिला बाहेर दाराला पाठ लावून उभी राहायची. बर्फाच्या पिशवीतली बाटली मांडीवर घेऊन मी कंपनीच्या बसमधून यायचे आणि फ्रिजमध्ये ठेवायचे. दारातच विचारायचे, "कालचं प्यायला?"

तू म्हणायचीस, "एक थेंब ठेवला नाही गं."

त्या सोमवारी ऑफिसातली वीज गेली, जनरेटरही बंद पडला आणि आम्हाला दुपारीच सोडलं. मी आले तेव्हा तू स्वयंपाकघरात पाठमोरी होतीस. बाटली सिंकमध्ये उपडी केली होतीस. ओट्यावर पावडरीच्या दुधाचा डबा उघडा होता.

"आई, हे काय?"

"मशीननं काढलेलं शिळं दूध लेकराला कसं पाजू? तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"कधीपासून?"

तू नळ सोडलास. मग म्हणालीस, "तू कामावर गेलीस तेव्हापासून."

लाडूही तूच वळत होतीस, आई. दूधही तूच ओतत होतीस.

डबे कोण आणत होतं, ते मी तुला विचारलं नाही. अभयला विचारलं. बूट काढता काढता तो म्हणाला, "संपत आला की आई मिस्ड कॉल द्यायच्या. पोराचं वजन वाढतंय ना? झालं तर मग. तुला सांगून काय, तू चिडलीच असतीस." म्हणजे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. आणि तुम्ही दोघं संध्याकाळी माझ्यासमोर बसून माझं कौतुक करायचात.

पावडरीचा राग नाही गं. शर्मिलाची मुलगी त्यावरच वाढली, चांगली धडधाकट आहे. तोंडावर सांगितलं असतंस तर भांडलो असतो, कदाचित मी ऐकलंही असतं. पण तू रोज माझ्याकडे बघून हसायचीस. त्या हसण्याचं मी काय करू?

आता अनिरुद्ध दिवसभर खालच्या मजल्यावर इंदुबाईंच्या पाळणाघरात असतो. पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या, "आज निम्मं सांडलं बघा, फारसं प्यायला नाही." मी जिन्यात बसून रडले. इतकं बरं वाटलं.

अभयशी कामापुरतं बोलते. जेवणाचं मात्र बिघडलंय. घास तोंडात असतो आणि डोळ्यांसमोर तुझी पाठ.

तो म्हणतो, रविवारी आईंना बोलावू या. ये. नातवाला खेळव, जेवून जा. पण त्याला तुझ्यापाशी एकट्याला ठेवून मी बाहेर पडणार नाही. हे तुला अभयनं नाही, मीच सांगायला हवं. अप्पांना काय सांगायचं ते तू ठरव. त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही.

अनिरुद्धची आई,
मैत्री