जित्या नातवाची घागर

हिवाळ्यापासून तुझी एक ओळ नाही, म्हणून तुझ्या चुलतीनं आखाजीले तुझ्या नावाची घागर भरायले आणली, मेलेल्याची भरतात तशी! मी म्हटलं, "अंबू, जित्याले पाणी काऊन पाजतं व?" पण घागर मीही परत धाडली नाही.

चिरंजीव भगवान, आशीर्वाद. काल तुझं कार्ड आलं, ताप उतरला म्हणून. त्याच घागरीचं गार पाणी मी गटागटा प्याली.

यंदा मोहरमचे ताबूत उन्हाळ्यात हायेत, पाहाले नागपूरले ये म्हणतं ना? येते. नांदुऱ्याहून गाडी धरीन. ताबुतापुढची वाघाची सोंगं तुमी नवरा-बायको पाहा. मले तू किती भाकरी खातं, ते पाहाचं हाय.

ताप होता ते उतरल्यावर कळवतं, तो राग निवला की हे पत्र टाकीन.

तुझी आजी,
झुंबरबाई, सोनाळा

उत्तर नातसुनेनंच लिहावं. तू मरतामरताही 'बरा हाय' लिहिशील.